एकशे सोळा हात

शैलजा हुजरेच्या मेंदूभोवतीचं पाणी माझ्या टेबलावर आलं, तेव्हा ते ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. निरोगी माणसाचं हे पाणी इतकं नितळ असतं की नळी छापील कागदावर धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येतात. शैलजाच्या नळीतून काहीच वाचता आलं नाही.

ही दोन हजार एक्केचाळीस सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी पद्मजा मगदूम. मिरजेच्या कृष्णाकाठ मेंदूरुग्णालयात जंतूंची प्रयोगशाळा सांभाळते. पेशंट मला चेहऱ्याने क्वचितच ठाऊक असतात. माझ्याकडे त्यांच्या नळ्या येतात, नळीवर नाव असतं. शैलजाला मात्र मी ओळखत होते, कारण आमच्या वॉर्डात तीच एक पेशंट होती जिला भेटायला रोज डझनभर पोरी यायच्या आणि दाराशी रांगेत उभ्या राहायच्या. तासगावच्या बाजूच्या एका गावात ती मुलींची तालीम चालवायची. वय छत्तीस. गावात तिला सगळे वस्तादच म्हणत. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली, डोक्यात रक्त साकळलं, आमच्या सर्जननी ते काढलं आणि उरलेलं पाणी-रक्त वाहून जायला मेंदूत एक बारीक नळी बसवली. नऊ दिवस सगळं छान चाललं. दहाव्या दिवशी ताप भरला, मान लाकडासारखी ताठ झाली, उजेड सोसवेना. संध्याकाळपर्यंत ती नवऱ्यालाही ओळखेना.

त्या पाण्यात ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू निघाला. तो इस्पितळांतच राहतो, बिछान्याच्या कठड्यांवर, नळांवर, हातांवर. धडधाकट माणसाला तो काही करत नाही. पण त्याला मेंदूत जायला नळीची वाट मिळाली, की मेंदूवरच्या आवरणांना सूज आणून तो आठवड्याभरात माणूस संपवतो. मी त्याला काचेच्या ताटलीत वाढवलं आणि वर वीस औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण पडतं. दुसऱ्या दिवशी ताटली उघडली, तर एकाही चकतीला रिंगण नव्हतं. जंतू चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत वाढला होता.

असं आम्ही पूर्वीही पाहिलं होतं. मेंदूला निसर्गाने कुंपण घातलेलं आहे. रक्तातलं भलतंसलतं मेंदूत शिरू नये म्हणून ते असतं, पण त्याच कुंपणाला अडून निम्मी औषधंही बाहेर राहतात. उरलेली थेट मेंदूच्या पाण्यात सोडता येतात. पण सोडायला औषधच उरलं नसेल, तर वाट असून उपयोग काय? अशा वेळी आम्ही भक्षकांकडे वळतो.

भक्षक म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. माणसाला ते काहीच करत नाहीत. ते जंतूच्या अंगावर बसतात, आत शिरतात, तिथेच आपली शंभरेक पोरं करतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. आमच्या पिढीचं हे मोठं औषध. पण भक्षक फार चोखंदळ असतो. ज्या जंतूच्या अंगावरचं कुलूप त्याच्या किल्लीने उघडतं, तेवढ्यालाच तो खातो. त्याच्या सख्ख्या भावालाही शिवत नाही. पुण्याच्या पेढीत तेव्हा चार हजार भक्षक साठवलेले होते. मी शैलजाचा जंतू तिकडे पाठवला. छत्तीस तासांनी उत्तर आलं, की एकही लागू पडत नाही. या जंतूभोवती साखरेचं एक जाड कवच होतं आणि तसं कवच त्यांनी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

मग मी हेळव्याला विचारलं.

आमच्या भागात हेळवी नंदीबैल घेऊन दारात येतात आणि तुमच्या घराण्याच्या दहा पिढ्या म्हणून दाखवतात. प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राला हेच नाव पडलं होतं. ते जंतूची जनुकं वाचतं, आधी साठवलेल्या हजारो जंतूंशी ताडून बघतं आणि कोण कुणाच्या पोटचा ते सांगतं. दर तीन महिन्यांनी आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हातांचे आणि घशांचे नमुने त्यात जातात, नावाने नाही, नंबराने. चार तासांनी हेळव्याने वंशवेल काढून दिली. शैलजाच्या डोक्यातला जंतू आमच्याच वॉर्डात जन्मला होता. अकरा नंबरच्या, म्हणजे वॉर्डातल्या कुणा सिस्टरच्या नळीतल्या जंतूचा तो वंशज होता आणि जनुकांतल्या खुणा सांगत होत्या, की त्याची मूळ शाखा चौदा महिने त्याच माणसाच्या आतड्यात मुक्काम करून होती. त्या माणसाला त्याचा काहीही त्रास नव्हता. तो नुसता वाहक होता.

मला आधी भीती वाटली आणि लगेच आशा वाटली. सावज जिथे फार दिवस राहतं, तिथे त्याची शिकार करणाराही येतोच, हा निसर्गाचा जुना नियम आहे. जंतू चौदा महिने ज्या आतड्यात राहिला, तिथे त्याचा भक्षक जवळजवळ नक्कीच असणार. हाताच्या जुन्या नमुन्यात तो सापडायचा नाही. त्याला ताजा नमुना हवा, शौचाचा. म्हणजे तो माणूस कोण ते कळायला हवं.

आणि नेमकं तिथेच कायदा आडवा येत होता. वाहक नोंदणी कायदा तेव्हा चार वर्षांचा होता. तो वाईट हेतूने केला होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत या जंतूंनी किती माणसं नेली ते मी मोजलेलं आहे. पण नंबराचं नाव उघडलं, की ते आपोआप नोंदवहीत जायचं. वाहकाने पेशंटला हात लावायचा नाही, सत्तरीपुढच्या माणसाबरोबर एका घरात राहायचं नाही, गर्दीत जायचं नाही. प्रत्येकाच्या फोनवरच्या नकाशात वाहकाच्या घरावर तांबडा ठिपका दिसायचा.

मी संचालकांकडे गेले. डॉक्टर निरंजन सरदेसाई सभ्य माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अकरा नंबर उघडू नका असं सांगितलं. उघडलं तर वॉर्ड सहा महिने बंद होईल, आतले चौदा पेशंट हलवावे लागतील, त्यातले दोघे वाटेतच जातील. आणि भक्षक सापडेलच याची खात्री काय? ‘उगम अज्ञात’ असं लिहा, म्हणाले. त्यांचा हिशोब खोटा नव्हता. मी एवढंच विचारलं, की अकरा नंबर उद्याही वॉर्डात हात लावत फिरणार आहे, त्याचं काय? त्यांनी हेळव्याचा कागद मिटून माझ्याकडे सरकवला. मी उठले.

वॉर्डात तेव्हा सलोमी लोंढे इन्चार्ज सिस्टर होत्या. वय सत्तेचाळीस. आजीपासून घरात परिचारिका, मिरजेच्या मिशनच्या जुन्या वसाहतीतलं घर. हात धुवायला त्या कोपरापासून सुरुवात करायच्या आणि नव्या मुलींना त्यांचा तो एकच धडा असायचा. मी त्यांना औषधांच्या खोलीत नेलं आणि एक युक्ती सांगितली. वॉर्डातल्या सगळ्याच सिस्टरांनी सारख्याच डब्यांत, नाव न घालता नमुने द्यायचे. भक्षक कुठल्या डब्यात निघाला ते मी कुणाला सांगणार नाही, स्वतःही विचारणार नाही. कायदा मोडेल, पण कुणाचं घर मोडणार नाही.

त्या कपाटातल्या सलाइनच्या बाटल्या नीट लावत ऐकत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, की तो जंतू किती महिन्यांचा आहे. मी चौदा म्हणाले.

“चौदा महिन्यांपूर्वी माझं पित्ताशय काढलं,” त्या म्हणाल्या. “जखम चिघळली होती. महिनाभर औषधं चालली होती माझी. तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तेव्हा रजेवर होता.”

“त्यावरून काही सिद्ध होत नाही, सिस्टर.”

“शैलजाचं ड्रेसिंग मीच करत होते.”

त्यांनी शेवटची बाटली लावली आणि कपाट बंद केलं.

“लपवून नको, मॅडम. एका नमुन्यात काम भागणार नाही, तुम्हाला रोज लागेल. आणि मी गुपचूप राहिले तर उद्या चौथ्या खाटेवरच्या आजोबांना हात लावणारच. माझं नाव लिहा. पण एक सांगते, मी चोरी केलेली नाही. मान खाली घालून मी या दारातून बाहेर जाणार नाही.”

दुपारी दोन वाजता मी अकरा नंबर उघडला. सलोमी शांतवन लोंढे. नाव माझ्या पडद्यावर दिसलं आणि त्याच क्षणी नोंदवहीत गेलं. चार वाजता त्यांनी सगळ्या सिस्टरांना बोलावून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, किल्ल्या दुसरीच्या हाती दिल्या आणि पुढच्या दाराने, रिसेप्शनसमोरून, चालत बाहेर पडल्या. मागच्या दाराशी गाडी लावायची सरदेसाईंची तयारी होती. त्यांनी ती नाकारली. सरदेसाईंचं भाकीत अर्धं खरं ठरलं. वॉर्ड बंद झाला तो एकवीस दिवस. सगळे नमुने स्वच्छ निघाले म्हणून पेशंट हलवावे लागले नाहीत, फक्त नवीन घेतले नाहीत.

नमुना मी गाळून घेतला. जाळी इतकी बारीक, की जंतू मागे राहतात आणि भक्षक पलीकडे जातात. ते गाळलेलं पाणी शैलजाच्या जंतूने माखलेल्या ताटलीवर टाकलं. सकाळी ताटली उजेडात धरली. जंतूच्या दुधी थरात भोकं पडली होती, तव्यावरच्या आंबोळीला पडतात तशी, बारीक, गोल, स्वच्छ. प्रत्येक भोक म्हणजे एका भक्षकाने खाऊन साफ केलेलं शेत. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ ती ताटली हातातून खाली ठेवली नाही.

औषध शुद्ध करायला तीस तास लागले. आता नवऱ्याची सही हवी होती. आनंदा हुजरे वायरमन होता, विजेच्या खांबांवर चढणारा, कमी बोलणारा. गेले पाच दिवस तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होता. मी त्याला सांगितलं, की बायकोच्या डोक्यात आम्ही जिवंत विषाणू सोडणार आहोत, ताप वाढेल, झटके येतील, जीवही जाईल, आणि न सोडला तर तिच्याकडे दोन-तीन दिवस आहेत. त्याने विचारलं, की हे औषध कुठून आलं. मी कायद्यातलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात सलोमीबाईच पुढे आल्या. वॉर्डात यायला मनाई होती म्हणून त्या बाहेर जिन्यावर बसून होत्या.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. शब्द निवडले नाहीत, रडल्याही नाहीत. जंतू माझ्याच हातून गेला असणार, म्हणाल्या. आनंदा उठून जिना उतरून गेला, आणि मला वाटलं, संपलं.

पाऊण तासाने तो परत आला. कागद मागून घेतला आणि सही केली.

“आमच्या लाइनीवर कुणाकडून चूक झाली, चुकून प्रवाह चालू राहिला,” तो सलोमीबाईंना म्हणाला, “तर ज्याच्याकडून झाली तो तिथल्या तिथं ओरडून सांगतो. म्हणून वरचा माणूस वाचतो. जो गप्प बसतो त्याला आम्ही परत खांबाला हात लावू देत नाही. तुम्ही सांगितलं. राग मला आहे, तो जायला वेळ लागंल. पण तुम्ही सांगितलं.”

पहिला डोस मेंदूतल्या नळीवाटे त्याच दुपारी गेला. जंतू फुटायला लागले की त्यांच्यातलं विष पाण्यात सांडतं, त्यामुळे पहिले दोन दिवस शैलजा आणखी खालावली. तिसऱ्या दिवशी नळीतलं पाणी पातळ झालं. चौथ्या दिवशी तिने आनंदाचं बोट धरलं. पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण हे होणार ते मला ठाऊक होतं. जंतूही जगायला धडपडतो. भक्षक कवचाला धरून आत येतो हे कळल्यासारखा, कवच टाकून दिलेल्या जंतूंचा एक नवा वंश वाढला होता. भक्षकाला आता धरायला काही राहिलं नाही. मी पुन्हा वीस चकत्यांची ताटली मांडली. या वेळी दोन चकत्यांभोवती रिंगण होतं. कवच टाकल्यावर जंतू उघडा पडला होता, आणि पन्नास वर्षांपूर्वीची दोन साधी औषधं त्याच्या आत शिरत होती. सलोमीबाईंच्या ताज्या नमुन्यात मला दुसरा एक भक्षकही मिळाला, उघड्या जंतूला खाणारा. आम्ही दोन्ही भक्षक आणि दोन्ही औषधं एकदम दिली. कवच ठेवलं तर पहिला भक्षक खातो, टाकलं तर औषध आणि दुसरा. जंतूला दोन्हीकडून वाट बंद. अठराव्या दिवशी माझ्या ताटलीवर काहीच उगवलं नाही. बाविसाव्या दिवशीही नाही.

शैलजा वाचली. डावा कान गेला, डावा हात अशक्त झाला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली चौकशी केली ती तालमीतली माती कुणी उकरली याची.

सलोमीबाईंच्या घरी मात्र त्या दिवसांत वेगळीच लढाई चालली होती. नकाशावर ठिपका उमटला आणि दूधवाला गेटबाहेर थांबायला लागला. चर्चच्या गायनमंडळाने त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं. त्यांचे यजमान शांतवन रेल्वेतून निवृत्त झालेले, अठ्ठावीस वर्षं सोबत काढलेला माणूस. त्यांनी एक दिवस न बोलता बायकोचं ताट, वाटी आणि पेला वेगळ्या फळीवर ठेवला. सलोमीबाईंनी ते पाहिलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. जंतूपेक्षा ती फळी जास्त लागली, म्हणाल्या.

घरात त्यांच्या सासूबाई होत्या, तबिताबाई, वय ब्याऐंशी, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं सगळं सलोमीबाईच करायच्या. नियमाप्रमाणे दोघींतल्या एकीने घर सोडायला हवं होतं. मी त्यांना तेच भक्षक शुद्ध करून, मोठ्या डोसात, पोटातून घ्यायला सुरुवात करून दिली होती, आणि तबिताबाईंचा नमुना तपासून तो स्वच्छ असल्याचंही सांगितलं होतं. पण नियम नियमच. समाजकल्याणची बाई म्हातारीला वृद्धाश्रमात न्यायला आली. शांतवन सामान बांधू लागले. तबिताबाईंनी त्यांना थांबवलं आणि सुनेला जेवण वाढून आणायला सांगितलं, त्या वेगळ्या फळीवरच्या ताटात.

“आई, ते तिचं आहे,” शांतवन म्हणाले.

“म्हणूनच मागतेय,” तबिताबाई म्हणाल्या. “नऊ वर्षं हिच्या हातचं खाऊन जगले. आता हिच्या हाताला घाबरून चार वर्षं जास्त जगायचं, ते कशाला?”

समाजकल्याणच्या बाईसमोर त्या ताटातलं सगळं जेवल्या. बाईने ‘नकार दिला’ असं लिहून नेलं. संध्याकाळी शांतवननी ती फळी भिंतीवरून उखडली. बायकोची माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे बराच वेळ ते भिंतीतली भोकंच बुजवत बसले.

दोन महिन्यांनी सलोमीबाईंच्या आतड्यात तो जंतू उरला नव्हता. आपल्याच भक्षकांनी त्याचा निकाल लावला होता. सहा आठवडे, सहा तपासण्या, सगळ्या कोऱ्या. शैलजाच्याही तशाच, तिचंही नाव वाहक म्हणून चढलं होतं आणि तिला तालमीत पाऊल टाकायची बंदी होती. मी अहवाल जोडून दोघींची नावं काढायचा अर्ज केला. उत्तर आलं, की नाव काढण्याची तरतूद कायद्यात नाही. जंतू अंगातून जाऊ शकतो ही शक्यताच कायदा लिहिताना कुणाच्या मनात आली नव्हती. आम्ही समितीपुढे सुनावणी मागितली.

सुनावणी जानेवारीत सांगलीत झाली. शैलजाच्या गावाहून तीन गाड्या भरून माणसं आली होती, मिरजेहून चर्चची माणसं. वॉर्डातल्या कुणीही यायचं नाही असं मी बजावलं होतं, पेशंट कुणी बघायचे? शैलजा आणि सलोमीबाईंच्या खुर्च्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे, दोन मीटरवर होत्या. अध्यक्ष डॉक्टर सुखटणकर, निवृत्त प्राध्यापक, माझे अहवाल पानोपान वाचून आले होते.

ते म्हणाले, की नमुन्यात जंतू सापडला नाही याचा अर्थ तो दुसऱ्याला लागणार नाही, असा होत नाही. सहा कोऱ्या तपासण्यांनंतर कुणी या बाईंना उघड्या हाताने स्पर्श केला, आणि तरी तो स्वच्छ राहिला, असा पुरावा हवा. मी तबिताबाईंचं उदाहरण दिलं. त्यांनी मान हलवली. आजीबाईंचं धाडस मोठं, पण एका माणसावरून नियम बदलत नाही. निदान शंभर माणसं, तीन महिने तपासलेली, एवढं तरी लागेल.

“स्पर्शाला बंदी आहे,” मी म्हणाले. “मग शंभर माणसं येणार कुठून?”

“तीच अडचण आहे,” ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरोखरच वाट दिसत नव्हती.

शैलजाला डाव्या बाजूचं ऐकू येत नव्हतं. साहेब काय म्हणाले, असं तिने आनंदाला विचारलं. त्याने पट्ट्याच्या अलीकडूनच, तिच्या उजव्या बाजूला येऊन, मोठ्याने सांगितलं. ती उठली, सलोमीबाईंच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. लिपिकाला म्हणाली, “लिहा. शैलजा आनंदा हुजरे.”

लिपिक गोंधळून अध्यक्षांकडे बघायला लागला. अध्यक्ष म्हणाले, की तुम्ही स्वतःच वाहक म्हणून नोंदलेल्या आहात, तुमचा स्पर्श मोजता येणार नाही.

“मग माझा मोजा,” आनंदा म्हणाला. त्याने पिवळा पट्टा ओलांडला, मुंडाशाच्या टोकाने तळवा पुसला आणि सलोमीबाईंचा दुसरा हात धरला.

जाणूनबुजून वाहकाला शिवणाऱ्याचं नाव ‘संपर्क’ म्हणून लिहायचं, नव्वद दिवस त्याच्या घरावर पिवळी खूण, दर महिन्याला तपासणी, तोवर बाजार, शाळा, लग्नकार्य बंद. कायदा असा होता आणि लिपिकाला तो पाळायचा होता. त्याने आनंदाचं नाव लिहिलं. पुढे मी गेले. माझ्यामागे शांतवन. गर्दीपुढे बायकोचा हात धरायला ते जरा लाजले. मग शैलजाच्या गावचा पोलिसपाटील, मग तालमीतल्या पोरींच्या आया, मग गायनमंडळातल्या त्या बाई ज्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली. अठराच्या आतल्या पोरींना आम्ही परत पाठवलं. त्या चिडून फाटकाशी बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. माणूस पुढे यायचा, दोघींचेही हात हातात घ्यायचा, नाव, वय, गाव सांगायचा आणि बाजूला व्हायचा. सलोमीबाई प्रत्येकाला विचारत होत्या, घरात लहान बाळ आहे का, कुणी आजारी आहे का? दोघांना त्यांनी स्वतःच परत पाठवलं.

सुखटणकरांनी सुनावणी थांबवली नाही. दुपारी सव्वाच्या सुमाराला त्यांनी लिपिकाला आकडा विचारला. एकशे सोळा, लिपिक म्हणाला.

“पुरे,” ते म्हणाले. “मगदूमबाई, नमुने तुम्ही तपासा. प्रत्येकाचा जोडनमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. दोन्हींत फरक निघाला तर मी तुमचं काहीच ऐकणार नाही.”

ते तीन महिने सोपे गेले नाहीत. त्या हंगामात गावात चार लग्नं वऱ्हाडाशिवाय लागली. पोलिसपाटलाची भाजी बाजारात कुणी घेईना. दोन माणसं माझ्याकडे येऊन आम्ही उगाच पडलो यात असं म्हणाली, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण नमुना द्यायला एकशे सोळापैकी एकही चुकला नाही. पहिल्या महिन्याचे नमुने हेळव्याच्या पोटात गेले, दुसऱ्या महिन्याचे गेले, तिसऱ्याचे गेले. तो वंश कुणाकडेही नव्हता. दुसऱ्या प्रयोगशाळेचंही उत्तर तेच.

नाव काढण्याचं कलम कायद्यात यायला पुढे सात महिने लागले. सगळ्यात आधी निघाली ती ही दोन नावं. शैलजा एका हाताने डाव शिकवते आता. पोरी म्हणतात, पूर्वीपेक्षा जास्त ओरडते, कारण स्वतःचा आवाज तिला अर्धाच ऐकू येतो. आनंदाचा राग कधी गेला ते त्याने सांगितलं नाही.

सलोमीबाई कामावर आल्या त्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डात गेले. त्या बेसिनशी उभ्या होत्या, कोपरापासून हात धूत. दुसऱ्या खाटेवर कालच आलेला एक म्हातारा होता, आणि त्याच्या उशाशी त्याची लेक. तिने सिस्टरांच्या छातीवरचं नाव वाचलं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, की पेपरात आलं होतं त्या तुम्हीच का?

“हो, मीच ती,” सलोमीबाई म्हणाल्या. “जरा सरका बाजूला. बाबांची पाठ पुसायची आहे.”